मऊ शिंगांचं शिरस्त्राण

क्रोशाने विणलेली व्हायकिंग टोपी एकदा नीट बघा. करडी लोकर, दोन बाजूंना कापूस भरून फुगवलेली शिंगं, खाली लोंबणारी दाढी. इतिहास म्हणून ती साफ खोटी. व्हायकिंग योद्धे शिंगांची शिरस्त्राणं घालत असल्याचा पुरावा नाही. ही प्रतिमा लोकांच्या डोक्यात पक्की बसवण्यात मोठा वाटा आहे तो १८७६ साली बायरॉइथला झालेल्या वाग्नरच्या ‘रिंग’ ऑपेरांचा आणि त्यांची वेशभूषा करणाऱ्या कार्ल एमिल डोप्लरचा.

रंगमंचावरचं शिंग धाक दाखवतं, क्रोशाचं एका बाजूला कलंडतं. पराक्रमाची सगळी ऐट लोकर काढून घेते, आणि तिथेच ही टोपी जिंकते. तीच टोपी चार टाके वाढवून बापाने घातली, की बाप-लेक सारखेच वेडे आणि सारखेच निरुपद्रवी दिसतात.

खटकतं ते दुसरंच. क्रोशाचा खरा टाका यंत्राला अजून नीट जमलेला नाही. साखळीपासून खांबापर्यंत सगळं हातानेच होतं. म्हणजे टोपी फारच स्वस्त मिळाली, तर उरलेली किंमत कुणाच्या तरी बोटांनी भरलेली असते. गंमत विकत घेताना एवढा हिशोब तरी करावाच.