बेडकाची गॅलियार्ड

नाव ऐकूनच हसू फुटावं अशी ही चीज आहे. जॉन डाउलंड (१५६३–१६२६) या इंग्रज ल्यूटवादकाची ‘फ्रॉग गॅलियार्ड’. पहिली एलिझाबेथ राणी आपल्याला मागणी घालणाऱ्या फ्रेंच ड्यूकला लाडानं ‘बेडूक’ म्हणे, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. आख्यायिकाच ती, पण सोडवत नाही.

गॅलियार्ड हा उड्यांचा नाच. सहा मात्रांपैकी चारांवर पाय झटकायचे, मग उडी, आणि सहावीला पाय जमिनीवर. १५८९ साली छापलेल्या ‘ऑर्केझोग्राफी’ या फ्रेंच पुस्तकात त्याची रीतसर शिकवणी आहे. गंमत म्हणजे या बेडकालाच उडीचं वावडं! त्याची चाल दीर्घ-ऱ्हस्व, दीर्घ-ऱ्हस्व अशी झुलत जाते. ‘सवाई’त मांडीवर ताल धरून बसणाऱ्या पुणेकराचा हात इथे आपसूक दादऱ्याकडे वळेल, आणि मला तरी त्यात काही गैर वाटत नाही.

हीच चाल डाउलंडच्या १५९७ च्या गीतसंग्रहात शब्दांसह भेटते, आणि ते शब्द आहेत निरोपाचे. प्रेयसीला सोडून निघालेला माणूस असा झुलत्या लयीत रडतो! पण हे दुःख ओलं असलं तरी जड नाही. आपल्या ठुमरी-दादऱ्याच्या श्रोत्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

खरी मजा नुसत्या ल्यूटवर आहे. गायकाला निरोपाचा स्वर श्वास पुरेल तोवर धरून ठेवता येतो. ल्यूटला ती सोय नाही. आतड्याच्या तारांच्या जोड्या, त्या बोटांच्या टोकांनी छेडायच्या. स्वर उमटतो न उमटतो तोच विरू लागतो. सतारीसारखी तरफ नाही, लांब मींड नाही. मग वादकानं काय करावं? लांब स्वर बारीक स्वरांत फोडावा. म्हणून इथे चालीचा प्रत्येक भाग आधी साधा येतो आणि लगेच धावत्या स्वरावलींचं रूप घेऊन परततो. हे धावणं मला नुसतं नटवणं वाटत नाही. जे धरून ठेवता येत नाही, त्याच्यामागे ते धावतं.

त्या धावण्यातही लय टिकते ती उजव्या हातामुळे. अंगठ्याचा आघात वजनदार, तर्जनीचा हलका. सतारीच्या ‘दा’ आणि ‘रा’सारखी ही जोडी जलद स्वरांतही चालीचं झुलणं सुटू देत नाही. खाली खर्जाचे स्वर संथ पावलं टाकत असतात. तिथे कान ठेवला, तर वर कितीही गर्दी झाली तरी मूळ चाल हरवत नाही.

ल्यूटवादक पॉल ओडेट यांनी डाउलंडचं सगळं ल्यूटसंगीत ध्वनिमुद्रित केलं आहे, तिथून सुरुवात करायला हरकत नाही. मात्र त्याआधी निरोपाचं ते गाणं ऐकावं. आणि कुणी ही गॅलियार्ड तयारी दाखवायला भरधाव वाजवू लागला, तर खुशाल बंद करावी.