वेव्हर्लीच्या मठातील मांजर

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून गेली साठ वर्षे एक सावली हिंडते आहे. कोणी तिला प्यूमा म्हणतो, कोणी काळा बिबट्या. १९६० नंतरच्या दशकात ‘सरेचा प्यूमा’ इतका गाजला, की गोडाल्मिंगच्या पोलिसांनी त्याच्यासाठी नोंदवही ठेवली. १९८३ साली एक्समूरच्या माळावर मेंढ्या मरू लागल्या, तेव्हा रॉयल मरीन्सचे नेमबाज धाडण्यात आले आणि रिकाम्या हातांनी परतले. या विषयावर पुष्कळ लिहिले गेले. त्यातले बहुतेक एकदा वाचून टाकून द्यावे असेच आहे. अपवाद एका उताऱ्याचा, आणि तो या गदारोळाच्या फार आधीचा आहे. विल्यम कॉबेटच्या ‘रूरल राइड्स’ (१८३०) या प्रवासवर्णनातील ऑक्टोबर १८२५ च्या नोंदीत तो सापडतो.

कॉबेट हा फार्नहॅमच्या शेतकऱ्याचा मुलगा. स्वतः अँग्लिकन असूनही धर्मसुधारणेच्या काळी कॅथॉलिकांचे मठ कसे लुटले गेले, हे त्याने एका ग्रंथात त्वेषाने मांडले. त्याचे बालपण ज्या वेव्हर्ली मठाच्या परिसरात गेले, तो इंग्लंडमधील सिस्टर्शियन संन्याशांचा पहिला मठ. ११२८ मध्ये तो स्थापन झाला आणि १५३६ मध्ये आठव्या हेन्रीने बंद पाडला. त्या भग्नावशेषांत बासष्ट वर्षांचा कॉबेट आपला मुलगा रिचर्ड याला घेऊन जातो आणि एक पोकळ एल्म वृक्ष दाखवतो. लहानपणी त्याने या ढोलीत मध्यम बांध्याच्या स्पॅनियल कुत्र्याएवढे मांजर शिरताना पाहिले होते. घरी सांगितले तर बोलणी खावी लागली, आणि हेका सोडला नाही म्हणून अखेर मार. तरी त्याने शब्द फिरवला नाही. पुढे न्यू ब्रन्सविकमध्ये शिपाईगिरी करताना तेथील मोठे करडे रानमांजर त्याने पाहिले आणि त्याला वाटले, हेच ते!

प्रसंग एवढाच, दोन-चार वाक्यांचा. पण त्यात बोलणी, मार आणि ठामपणा अशा चढत्या पायऱ्या आहेत, आणि विशेषणे जवळजवळ नाहीत. प्राण्याचे डोळे चमकत नाहीत, तो गुरगुरत नाही. कॉबेट फक्त आकार सांगतो, झाड दाखवतो आणि शपथ घ्यायला तयार होतो. साक्षीदाराचे गद्य म्हणतात ते हे.

मात्र याच नोंदीत एक कबुली आहे, तिच्याकडे वाचकाने दुर्लक्ष करू नये. कॉबेट म्हणतो, की झाडे सोडली तर तिथली जमीन आणि इतर सारे आता किती लहान दिसले! समुद्र पाहून आलेल्या डोळ्यांना बालपणीची भव्यता उरली नाही. मग मांजराचे काय? मुलाच्या नजरेने जागेला मोठे केले, तसे मांजरालाही केले नसेल का? हा प्रश्न लेखकाच्या मनाला शिवतही नाही. दोन्ही गोष्टी तो जवळजवळ लिहितो आणि त्यांची गाठ घालत नाही. मला हा उताऱ्याचा दोष वाटत नाही, उलट त्याच्या खरेपणाची खूण वाटते. रचून सांगणाऱ्याने ती कबुली गाळली असती.

आधुनिक आख्यायिकांत नेमका हाच कच्चा धागा नसतो. १९९५ साली कृषी मंत्रालयाने बॉडमिन माळाचा अहवाल दिला: हिंस्र श्वापदाचा पुरावा नाही, पण ते नाहीच असेही सिद्ध करता येत नाही. लगोलग फॉवी नदीत बिबट्याची कवटी सापडली. नॅचरल हिस्टरी म्युझियमने ती तपासली, तेव्हा आत उष्ण प्रदेशातील झुरळाचा अंडकोश निघाला. कवटी एखाद्या कातड्याच्या गालिच्यातून आलेली होती. शोध म्हणून छान, कथा म्हणून निकृष्ट.

खरे प्राणीही अधूनमधून हाती लागले. १९७६ च्या कायद्याने घरी वाघ-बिबटे पाळण्यास परवाना लागू झाला, तेव्हा काही मालकांनी ते रानात सोडल्याचे सांगतात. १९८० मध्ये स्कॉटलंडात कॅनिच येथे सापळ्यात सापडलेली प्यूमा मादी चांगली माणसाळलेली होती. तिचे नाव फेलिसिटी! (हुतात्मा संत फेलिसिटीला रोमन आखाड्यात श्वापदांपुढे टाकले होते, नाव ठेवणाऱ्यांना ते आठवले असेल असे वाटत नाही.) त्याहून मौजेचा तो ब्रिस्टलच्या संग्रहालयातील लिंक्स. विसाव्या शतकाच्या आरंभी डेव्हनमध्ये तो मारला गेला, आणि २०१३ साली संशोधकांनी दाखवून दिले, की तो कॅनडाचा लिंक्स असून दीर्घकाळ पिंजऱ्यात राहिला होता. कॅनडाचा! म्हणजे कॉबेटने न्यू ब्रन्सविकमध्ये पाहिलेल्या रानमांजराचा भाऊबंद. यावरून वेव्हर्लीचे मांजर सिद्ध होत नाही. परंतु मार देणाऱ्या वडीलधाऱ्यांना वाटले तितके ते अशक्यही राहत नाही.

आम्हा वसईकरांना यातले काही परके नाही. २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये आपल्या किल्ल्यात, मोडक्या चर्चच्या भिंतींआड, खराखुरा बिबट्या तीनएक आठवडे राहिला आणि मग वनखात्याच्या पिंजऱ्यात आला. तो पकडला गेला, म्हणून पाहिल्याचे सांगणारे खरे ठरले. पिंजरा रिकामाच राहिला असता, तर त्यांचे काय झाले असते?

कॉबेटविषयी माझी एकच तक्रार आहे. त्याने मुलाला झाड दाखवले, मांजर सांगितले, मार सांगितला. ते ऐकून रिचर्ड काय म्हणाला, ते मात्र लिहिले नाही.