आपद्धर्म आणि हिशेब

आज आम्ही कायद्यातल्या एकाच कलमाची चिकित्सा करणार आहोत. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५, कलम ५०. ऐकायला रुक्ष वाटेल, पण आपल्या परभणी जिल्ह्याशी त्याचा थेट संबंध आहे.

हे कलम दोन सवलती देतं. संकटात ताबडतोब खरेदी करणं गरजेचं वाटलं, तर राष्ट्रीय, राज्य किंवा जिल्हा प्राधिकरण निविदेशिवाय खरेदीला परवानगी देऊ शकतं. जिल्हा प्राधिकरण म्हणजे कोण? जिल्हाधिकारी अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. दुसरी सवलत अशी, की नेमलेल्या अधिकाऱ्यानं माल वापरल्याचं प्रमाणपत्र दिलं, की हिशेबाला तेच व्हाउचर म्हणून चालतं.

पहिल्या सवलतीवर आमचा आक्षेप नाही. २०२१च्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनसाठी निविदा काढून आठवडेच्या आठवडे थांबायचं, म्हणजे नियम पाळून माणसं मारायची. पण दुसरी सवलत नीट वाचा. ते प्रमाणपत्र वापराचं आहे, दराचं नाही. आणि ते देणारा माणूस खरेदी करणाऱ्या यंत्रणेतलाच. माल आज घ्या; पण कोणाकडून, किती, काय भावानं घेतला, हे आठ दिवसांनी चार ओळींत जाहीर केलं तर कोणता रुग्ण दगावणार आहे? घाई क्षम्य आहे. तिच्या आडून येणारी लपवाछपवी क्षम्य कशी?

आपल्या परंपरेनं हा प्रश्न फार आधी हाताळलाय. महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्माचा भाग आहे. बारा वर्षांच्या दुष्काळात विश्वामित्र चांडाळाच्या घरी कुत्र्याचं मांस चोरायला शिरतो. पकडला जातो. मग दोघांचा लांबलचक वाद होतो आणि एवढ्या मोठ्या ऋषीला आपली कारणं त्या चांडाळापुढं मांडावी लागतात. पुढं तपानं तो ते पाप जाळतो. म्हणजे आपद्धर्मातही कारण सांगणं आणि नंतर शुद्ध होणं सुटलेलं नाही. कांटनं १७९५मध्ये याच अंगानं कसोटी दिली: इतरांच्या हक्काशी संबंधित जी कृती उघड करताच मोडून पडते, ती अन्याय्य.

आता मुंबईचं बघा. भारताच्या महालेखापरीक्षकांनी महापालिकेचे सुमारे १२,०२४ कोटींचे व्यवहार तपासायला घेतले. त्यातल्या करोनाकाळातल्या सुमारे ३,५३८ कोटींच्या खर्चाची कागदपत्रं महापालिकेनं दिली नाहीत. आधार काय दिला? साथरोग कायदा आणि हाच आपत्ती व्यवस्थापन कायदा. २०२३च्या मार्चमध्ये अहवाल विधिमंडळात आला. त्यात कोणी पैसे खाल्ले की नाही, हा निवाडा आम्ही करत नाही. आमचं म्हणणं एवढंच, की कलम ५० निविदा माफ करतं, लेखापरीक्षण माफ करत नाही.

आणि आपल्याकडं? टँकर. टंचाई कृती आराखडा ऑक्टोबर ते जून असा तीन टप्प्यांत आधीच तयार होतो. जी टंचाई आराखड्यात लिहून ठेवलीय, तिला अचानक आलेली आपत्ती कसं म्हणायचं? मागं एका कार्यालयात आम्ही टँकरच्या खेपांचं लॉगबुक बघायला मागितलं. उत्तर मिळालं, ‘सर, तेव्हा इमर्जन्सी होती.’ विचारलं तेव्हा पावसाळा संपत आला होता!

माहितीचा अधिकारही २००५चाच. त्याचं कलम ४ सांगतं, की माहिती मागायची वाट न बघता स्वतःहून जाहीर करा. तेव्हा मागणी साधी आहे. निविदेशिवाय झालेली प्रत्येक खरेदी, तिचा पुरवठादार, दर, नग आणि निविदा टाळण्याचं कारण ठरलेल्या मुदतीत तहसीलच्या फलकावर आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर लागलं पाहिजे. टँकरच्या खेपा त्या त्या गावच्या ग्रामपंचायतीत लागल्या पाहिजेत. टँकर आला की नाही, हे गावातल्या बायांना पक्कं ठाऊक असतं. त्यांना फक्त कागदावर काय लिहिलंय ते दिसू द्या.

इथं थांबतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.