पार्ट नागपूरहून येईपर्यंत

20 सप्टेंबर 2002 रोजी अमेरिकेतल्या फॉक्स वाहिनीने 'फायरफ्लाय' ही विज्ञानमालिका सुरू केली, तीही दुसऱ्या भागापासून. 'सेरेनिटी' हा दोन तासांचा पहिला भाग वाहिनीने मागे ठेवला आणि 20 डिसेंबरला दाखवला. तोवर मालिका बंद करायचं ठरलंही होतं. एकूण चौदा भाग तयार झाले होते, त्यातले तीन तर त्या वेळी दाखवलेच गेले नाहीत. आमच्याकडे पूर्व विदर्भात दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावोगावच्या जत्रांच्या, हंगामात वडशाच्या एखाद्या नाटक कंपनीने पहिला अंक पहाटे केला असता, तर झाडीपट्टीच्या प्रेक्षकांनी मंडप जागेवर ठेवला नसता.

गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीत मी ही मालिका पाहिली ती बंद पडून कितीतरी वर्षं झाल्यावर, भाच्याच्या पेनड्राइव्हवरून आणि योग्य क्रमाने. क्रम का महत्त्वाचा, ते पुढे येईल.

काळ आहे 2517 चा. माणसं दुसऱ्या सूर्यमालेत राहायला गेली आहेत. मधल्या ग्रहांवर 'अलायन्स' नावाची श्रीमंत, चकचकीत सत्ता आहे. कडेच्या चंद्रांवर धूळ, घोडे, खाणी आणि थकलेली माणसं. अलायन्सविरुद्धच्या युद्धात हरलेला माल्कम रेनॉल्ड्स एक जुनं मालवाहू जहाज घेऊन मिळेल ते काम करतो, त्यातलं बरंचसं बेकायदा. जहाजावर एकूण नऊ जण. परग्रहवासी कुठेच नाहीत. अवकाशातल्या दृश्यांना आवाज नाही, कारण पोकळीत आवाज नसतोच. ही साधी गोष्ट पाळणाऱ्या मालिका फार थोड्या. दूरदर्शनवर 1998 मध्ये 'कॅप्टन व्योम' पाहत वाढलेल्या आमच्या पिढीला भविष्य म्हणजे झगमगाट एवढंच ठाऊक होतं. 'फायरफ्लाय'च्या भविष्यात मात्र अंतर मिटलेलं नाही. रस्त्याच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्याला तिथेही औषध, डॉक्टर आणि सुटे भाग उशिराच मिळतात. माझ्या मते मालिकेचा सगळा कस या एका कल्पनेत आहे.

तो कस पाहायचा तर टिम मिनियरने लिहिलेला 'आउट ऑफ गॅस' हा भाग पाहावा. सुरुवातीला रिकामं, गार पडलेलं जहाज दिसतं. कॅमेरा एकेका खोलीतून फिरतो. एकटा माल्कम, म्हणजेच माल, धडपडत येतो आणि जमिनीवर कोसळतो. इथून कथा तीन काळांत विणली जाते: आताचा निळसर, थंडगार काळ, काही तासांपूर्वीचा, डॉक्टर सायमनच्या वाढदिवसाच्या केकचा काळ, आणि कित्येक वर्षांपूर्वीचा, जहाज विकत घेण्याचा आणि एकेक माणूस जमवण्याचा ऊबदार काळ. रंगावरूनच प्रेक्षकाला कळतं आपण कुठे आहोत. पाटी लावून काळ सांगावा लागत नाही.

बिघाड केवढासा? इंजिनातला 'कॅटलायझर' नावाचा हातात मावेल एवढा भाग. तो जातो, स्फोट होतो, आग लागते, प्राणवायू संपत जातो आणि जहाज कुठल्याही वाटेपासून दूर तरंगत राहतं. मळणीच्या ऐन दिवसांत थ्रेशर बंद पडलं आणि मिस्त्रीने "पार्ट नागपूरवरून येईल" म्हटलं की घरात जी शांतता पसरते, तिच्याशी ओळख असलेल्याला हा भाग वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पण खरी कारागिरी जुन्या काळाच्या प्रसंगांत आहे. कायली ही खेड्यातली मुलगी जहाजावर कशी आली ते तिथे दिसतं. आधीचा मेकॅनिक एका भागावर बोट ठेवून सांगत असतो की हा गेलाय, जहाज उडणार नाही. कायली म्हणते तो ठीक आहे, बिघाड दुसऱ्याच भागात आहे. ती हात घालून तो दुसरा भाग काढते आणि म्हणते, याची तशी गरजच नाही. जहाज सुरू होतं. म्हणजे एकाच भागात लेखकाने दोन सुटे भाग समोरासमोर ठेवलेत: एक ज्याच्यावाचून काही अडत नाही आणि एक ज्याच्यावाचून सगळे मरतील. यातला फरक ओळखणारी एकच व्यक्ती जहाजावर आहे आणि ऐन वेळी तिच्याही हातात काही नाही. यावर कुणी भाषण करत नाही. दोन प्रसंग शेजारी ठेवले, एवढंच.

आता क्रमाचं. मागे ठेवलेल्या पहिल्या भागात कायली इंजिनाचा कॉइल बदलायला हवा म्हणून बजावते आणि माल ते झटकून टाकतो. नंतर निकामी होणारा कॅटलायझर त्याच कॉइलचा. फॉक्सने 'आउट ऑफ गॅस' दाखवला 25 ऑक्टोबरला, म्हणजे प्रेक्षकाला जहाज आधी मोडलेलं दिसलं आणि बजावणी जवळजवळ दोन महिन्यांनी ऐकू आली. मालिका पडली याला एवढंच कारण नसेल, पण प्रेक्षकाच्या हातून धागा सोडवून घ्यायचा याहून सोपा मार्ग मला तरी सुचत नाही.

'सेफ' हा भाग रचनेने थोडा सैल, तरी गडचिरोलीच्या माणसाला टोचणारा. डोंगरातल्या वस्तीत डॉक्टर नाही म्हणून तिथले लोक सायमनला चक्क पळवून नेतात. आजारी माणसांच्या रांगा पाहून तोही कामाला लागतो. त्याच वस्तीला त्याची बहीण रिव्हर चेटकीण वाटते आणि तिला जाळायची तयारी होते. उपचाराची भूक आणि अंधश्रद्धा एकाच अंगणात. मालिका गावाला खलनायकही करत नाही आणि त्याची पाठही थोपटत नाही. आपल्याकडे डॉक्टर नसण्याच्या प्रश्नाला निराळं उत्तर निघालं. 1986 मध्ये डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी 'सर्च' ही संस्था सुरू केली, गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि त्याचे परिणाम 1999 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये छापून आले. डॉक्टर पळवून आणण्यापलीकडे पटकथाकाराची कल्पना गेली नाही, एवढं नोंदवायला हवं.

दोषही आहेत. पात्रं रागावली की चिनी भाषेत शिव्या देतात, पाट्या चिनी, जेवण चिनी. पण त्या नऊ जणांत चिनी चेहरा एकही नाही. शिवाय हरलेल्या बंडखोरांविषयीची हळहळ अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या दक्षिणेवरून उचललेली आहे आणि तिथली गुलामगिरी सोयीने गाळली आहे. मालिकेचा जनक जॉस व्हीडन याला ही मालिका गेटिसबर्गच्या लढाईवरच्या एका कादंबरीवरून सुचली होती. त्यामुळे गाळलेल्या गुलामगिरीचा प्रश्न टाळता येत नाही.

डिसेंबर 2003 मध्ये डीव्हीडी संच निघाला, त्यात चौदाही भाग योग्य क्रमाने आले. प्रेक्षक वाढले आणि 2005 मध्ये 'सेरेनिटी' नावाचाच चित्रपटही निघाला. त्यात बरीच कोडी सुटतात, पण घाईघाईने. पाहायचीच असेल तर दोन तासांच्या पहिल्या भागापासून सुरू करा, 'आउट ऑफ गॅस' त्याच्या जागी आठवा येऊ द्या आणि चित्रपट सगळ्यात शेवटी ठेवा. नाही पाहिला तरी फार बिघडत नाही.