अक्षर आणि तात्पर्य

न्यायनिर्णय हाहि लेखनाचाच एक प्रकार आहे. आणि ज्या लेखनानें एका माणसाचें नांव बनतें किंवा बिघडतें, तें तरी टीकाकारानें बारकाईनें वाचावयास हवें. स्कॉटलंडचा स्कीपटु अॅलन बॅक्स्टर याच्या प्रकरणांतील निर्णय आम्ही येथें या दृष्टीनें विचारार्थ घेत आहों.

हकीकत थोडक्यांत अशी. २००२ च्या फेब्रुवारींत सॉल्ट लेक सिटी येथील हिवाळी ऑलिंपिक सामन्यांत बॅक्स्टर स्लालमच्या, म्हणजे बर्फाच्या उतारावर रोंवलेल्या खांबांमधून वळणें घेत उतरण्याच्या, शर्यतींत तिसरा आला. अशा उताराच्या शर्यतींत ब्रिटनला मिळालेलें हें पहिलेंच ऑलिंपिक पदक. पुढें त्याच्या मूत्राच्या तपासणींत मेथॅम्फेटामिन सांपडलें. नाक चोंदल्यामुळें त्यानें अमेरिकेंत व्हिक्सची हुंगण्याची नळी घेतली होती. मायदेशीं तो हीच नळी वापरी. परंतु तेथील नळींत हें द्रव्य नव्हतें, अमेरिकेच्या नळींत होतें. मार्चमध्यें पदक गेलें व तें ऑस्ट्रियाच्या बेंजामिन राइखकडे आलें. ऑक्टोबरमध्यें क्रीडा-लवादानें हा निर्णय कायम केला. बॅक्स्टर हा प्रामाणिक दिसतो, गैरफायदा घेण्याचा त्याचा हेतु नव्हता, असें लवादानेंच म्हटलें. पदक मात्र परत दिलें नाहीं.

पुष्कळांस येथें विसंगति दिसते; आम्हांस ती दिसत नाहीं. हेतु हा अंतःकरणाचा विषय. 'औषध म्हणून घेतलें' हें वाक्य सच्चा आणि लबाड दोघेहि सारख्याच गांभीर्यानें उच्चारतील. शिवाय राइखची स्पर्धा बॅक्स्टरच्या शरीराशीं होती, मनाशीं नव्हे. संघाच्या वैद्याला विचारल्यावांचून नळी वापरण्याची चूक बॅक्स्टरचीच होती.

निर्णयाचें वैगुण्य दुसरीकडे आहे. मेथॅम्फेटामिनचे दोन प्रकार असतात. घटक तेच, पण रचना उजव्या व डाव्या हातांसारखी परस्परांचें प्रतिबिंब. उजवा प्रकार मेंदूला जोरानें उत्तेजित करतो. नळींतला डावा प्रकार नाक मोकळें करतो आणि त्याचें उत्तेजन पुष्कळच सौम्य असतें. निषिद्ध द्रव्य तें हें नव्हे, असा बॅक्स्टरचा युक्तिवाद होता. नियमानें असा भेद केलेला नाहीं, असें लवादाचें उत्तर. हेतु जाणतां येत नाहीं हें खरें. पण द्रव्य जाणतां येतें, हे दोन प्रकार प्रयोगशाळेंत वेगळे ओळखतां येतात. जें जाणतां येण्यासारखें होतें, तें गौण ठरविणें ही न्यायाची कठोरता नव्हे. तो वाचनाचा आळस होय. शब्दाचा अर्थ तात्पर्य पाहून लावावा, हें आपल्याकडे मीमांसकांनीं फार पूर्वीं सांगून ठेविलें आहे.

१९९८ सालीं नागानो येथें कॅनडाच्या रॉस रेबाग्लियाटीच्या तपासणींत गांजाचा अंश आढळला होता. परंतु नियमांत त्याला स्पष्ट बंदी नव्हती म्हणून त्याचें सुवर्णपदक त्याच्याकडेच राहिलें. तेथें अक्षरानें तारलें, येथें अक्षरानें मारलें.

जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादींत आतां हीं दोन द्रव्यें निरनिराळ्या नांवांनीं व निरनिराळ्या वर्गांत आढळतात. म्हणजे बॅक्स्टरनें दाखविलेला भेद काल्पनिक नव्हता. तथापि स्पर्धेच्या वेळीं दोन्ही निषिद्धच आहेत. तेव्हां या यादीनें त्याला पदक मिळवून दिलें असतें, असें म्हणतां येत नाहीं. पण पदक गमावणें निराळें आणि उत्तेजक घेणारा म्हणून ओळखलें जाणें निराळें. लवादानें सहानुभूति व्यक्त केली, पण त्या दोहोंसाठीं 'अपात्र' हा एकच शब्द शिल्लक ठेवला. बॅक्स्टर २००६ मध्यें तुरिनच्या ऑलिंपिकमध्यें पुन्हां उतरला; नियमानें त्याला तें करूं दिलें. परंतु त्याचें नांव निघालें कीं त्या नळीची गोष्ट अजूनहि सांगावी लागते, आणि ही शिक्षा कोणत्याहि निर्णयांत लिहिलेली नव्हती.