समाजमाध्यमांतील मराठी आणि यंत्राचा निवाडा : द्वेषभाषा-ओळखीच्या संशोधनाची चिकित्सा

प्रस्तावना

समाजमाध्यमांवरील मजकुराचे संगणकीय भाषाप्रक्रियेच्या साहाय्याने विश्लेषण करून त्याचा समाजहितासाठी उपयोग करावा, हा विचार गेल्या दीड दशकात जगभर रुजला. आपत्तीतील मदतकार्य, मानसिक आरोग्य आणि द्वेषमूलक लेखनाचा शोध ही त्याची प्रमुख क्षेत्रे होत. मराठीत यांपैकी तिसऱ्या क्षेत्रात लक्षणीय काम झाले आहे. या कामाचे मोल मान्य करून त्याच्या मूळ गृहीतकांची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उपलब्ध कार्य

२०२१ मध्ये ‘मोल्ड’ हा मराठीतील आक्षेपार्ह भाषेचा पहिला संग्रह प्रसिद्ध झाला. इंग्रजी, हिंदी व बंगाली या भाषांतील सामग्रीवर शिकलेले प्रारूप मराठीस लावता येते काय, हा त्याच्या अभ्यासकांपुढील प्रश्न होता. त्याच वर्षी पुण्यातील ‘एलथ्रीक्यूब’ या गटाने सुमारे १६,००० ट्विटांचा ‘महासेंट’ हा भावविश्लेषणाचा संग्रह सिद्ध केला. २०२२ मध्ये याच गटाच्या ‘महाहेट’ने २५,००० हून अधिक ट्विटांची द्वेषमूलक, आक्षेपार्ह, शिवराळ व यांपैकी काहीही नसलेली अशा चार वर्गांत विभागणी केली. केवळ मराठीवर घडविलेली प्रारूपे बहुभाषिक प्रारूपांपेक्षा सरस ठरतात, हा त्यातून निघालेला निष्कर्ष महत्त्वाचा आहे. मराठीला परभाषेच्या मापाने मोजू नये, ही भाषाभ्यासकांची जुनी भूमिका येथे प्रयोगाने पुष्ट झाली. साधनांची टंचाई असलेल्या भाषेत हे कार्य पायाभूतच म्हणावे लागेल.

मर्यादा

पहिली मर्यादा सामग्रीच्या उगमाची आहे. ‘महासेंट’मधील ट्विटे महाराष्ट्रातील नामवंत व्यक्तींच्या खात्यांवरून घेतलेली आहेत. सार्वजनिक जीवनातील व्यक्तीची जपून लिहिलेली मराठी आणि गावच्या पारावरची मराठी यांत मोठे अंतर आहे. मराठी व इंग्रजी यांच्या मिश्र लेखनाची दखल २०२३ मधील ‘माय बोली’ या प्रकल्पाने घेतली, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी या बोलींचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. कोकणातील मित्र ‘मेल्या, खंय होतस?’ असे विचारतो, तेव्हा शब्दार्थाने तो शाप असतो आणि व्यवहारात जिव्हाळा. याउलट ‘मोठे शहाणेच लागून गेलात’ या वाक्यात एकही अपशब्द नसून अपमान मात्र पुरेपूर आहे.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. वर्गीकरणाचे एकक सुटे ट्विट हे आहे. बोलणारा कोण, ऐकणारा कोण आणि प्रसंग कोणता, हे चार वर्गांच्या या चौकटीत बसत नाही. ‘तुमच्या लोकांना हे जमायचे नाही’ हे वाक्य वरकरणी सभ्य आहे. विशिष्ट व्यक्तीने विशिष्ट व्यक्तीला उद्देशून म्हटले असता तेच जातीय अवहेलना ठरते. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने ही बाब ओळखली आहे. जातीय अपमानाचा गुन्हा ठरविताना बोलणारा अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा आहे काय, त्याचा हेतू अवमानाचा आहे काय आणि कृत्य लोकांच्या दृष्टिपथातील ठिकाणी घडले काय, हे कायदा पाहतो. यंत्रापुढे मात्र फक्त शब्द असतात. कायद्याने जे निकष अनिवार्य मानले, तेच संग्रहात नोंदविले जात नसतील, तर निवाडा कितीही अचूक भासला तरी अपुराच राहील.

मराठी साहित्याच्या अभ्यासकास हा पेच परिचित आहे. नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये विजय तेंडुलकर यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. त्यातील भाषा शिष्टसंमत मापाने शिवराळच ठरते. परंतु ती दडपणाऱ्याची नसून दडपलेल्याची आहे, हे मराठी समीक्षेने कालांतराने स्वीकारले. ‘शिवराळ’ हा वर्ग केवळ शब्दांवरून ठरविणारे यंत्र ही कविता त्याच खान्यात टाकील आणि सभ्य शब्दांतील तुच्छता निर्दोष सोडील. ज्यांच्या संरक्षणासाठी यंत्र उभारले, त्यांचाच आवाज त्याने बंद करावा, असा हा विपर्यास आहे.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेत मार्टेन सॅप व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, आफ्रिकन-अमेरिकन बोलीतील ट्विटे आक्षेपार्ह ठरविली जाण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत दुपटीपर्यंत वाढते. दोषाचे मूळ माणसांनी दिलेल्या वर्गनामांत होते. वर्गनाम देणाऱ्यांना बोलीची जाणीव करून दिल्यावर मात्र हा पूर्वग्रह घटला. म्हणजेच हा दोष अटळ नाही.

निष्कर्ष

या संशोधनाचा त्याग करावा, असा निष्कर्ष उपरोक्त विवेचनातून निघत नाही. समाजमाध्यमांवरील विखार माणसांनी एकेक वाचून आवरण्याच्या पलीकडे गेला आहे. मात्र पुढील संग्रहांत तीन गोष्टी आवश्यक ठरतात. ट्विटासोबत बोली व संभाषणाचा संदर्भ नोंदवावा. वर्गनाम देणाऱ्यांत वेगवेगळ्या जाती, प्रदेश व लिंगांच्या व्यक्ती असाव्यात. त्यांच्यातील मतभेद बहुमताने पुसून न टाकता जतन करावेत, कारण एखादे वाक्य कोणाला बोचते आणि कोणाला बोचत नाही, हीच खरी सामाजिक माहिती आहे. २०२३ मध्ये ट्विटरने अभ्यासकांची विनामूल्य वाट बंद केल्यानंतर नवी सामग्री मिळविणे कठीण झाले आहे. त्यामुळे हाती असलेल्या संग्रहांचे पुनर्वाचन अधिकच निकडीचे आहे. हे काम एकट्या संगणकशास्त्र विभागाचे नव्हे. महाविद्यालयातील मराठी, समाजशास्त्र आणि संगणकशास्त्र हे विभाग एका मेजाशी बसले, तरच ‘समाजहित’ या शब्दातील समाज नेमका कोणता, या प्रश्नाला उत्तर मिळू शकेल.