न्यूयॉर्कच्या गटारांतील मगरी : दोन साधनांची छाननी

न्यूयॉर्कच्या रस्त्यांखालील गटारांत मगरींची वसाहत आहे. फ्लॉरिडाहून हौसेनें आणलेलीं पिलें कंटाळा येतांच शौचकूपांत सोडण्यांत आलीं व तीं अंधारांत वाढलीं, अशी आख्यायिका प्रसृत आहे. तिच्या पुष्ट्यर्थ दोन साधनें पुढें करण्यांत येतात. तीं परस्परांस पूरक आहेत हा समज टिकण्यासारखा नाहीं, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

पहिलें साधन म्हणजे ता. १० फेब्रुवारी १९३५ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधील वृत्त. हार्लेम नदीजवळ, पूर्व १२३ व्या रस्त्यावर कांहीं मुलें गटाराच्या तोंडांत बर्फ लोटीत असतां त्यांस आंत मगर दिसली. दोरीचा फांस टाकून त्यांनीं ती वर ओढली. ती चावावयास येतांच फावड्यांनीं ठार केली. लांबी साडेसात ते आठ फूट, वजन १२५ पौंड. एव्हरग्लेड्सकडून आलेल्या आगबोटीवरून ती पाण्यांत पडली असावी, असा शेजाऱ्यांचा तर्क नमूद आहे. वसाहतीचा तेथें मागमूस नाहीं. धड जाळण्यासाठीं नेण्यांत आलें. म्हणजे वस्तुरूप पुरावाहि नष्ट झाला.

दुसरें साधन रॉबर्ट डेली यांचा १९५९ सालचा ‘द वर्ल्ड बिनीथ द सिटी’ हा ग्रंथ. त्यांतील मगरींचें प्रकरण गटारखात्याचे जुने अधिकारी टेडी मे यांच्या आठवणींवर उभारलेलें आहे. १९३५ च्या सुमारास हाताखालील माणसांनीं मगरी पाहिल्याचें सांगितलें. मे यांस प्रथम तो मद्याचा प्रभाव वाटला. पुढें ते स्वतः खालीं उतरले, तों सरासरी दोन फूट लांबीच्या मगरी त्यांच्या दृष्टीस पडल्या. मग विष व बंदुका यांच्या साह्यानें त्यांचा निःपात झाला.

दोहोंची तुलना करतां काय उरतें? एकीकडे आठ फुटी एकच जनावर, दुसरीकडे दोन फुटी अनेक. एकीकडे रस्त्यावर फावड्यानें मरण, दुसरीकडे भुयारांत शिकार. जुळतें तें केवळ साल, आणि तेंहि डेलींकडे सुमाराचें. सालाचें ऐक्य म्हणजे घटनेचें ऐक्य नव्हे. लोरेन कोलमन यांनीं १९७९ सालीं ‘जर्नल ऑफ अमेरिकन फोकलोअर’मध्यें १९३५ च्या वृत्ताकडे अभ्यासकांचें लक्ष वेधलें, हें त्यांचें ऋण मान्यच आहे, परंतु त्या वृत्तानें मे यांची आठवण सिद्ध होत नाहीं. शौचकूपांतील पिलांची कथा तर थॉमस पिंचन यांच्या १९६३ सालच्या ‘व्ही.’ कादंबरींत आढळते. त्या वृत्तांत ती नाहीं.

डेली यांचा दोष आठवण नोंदविण्याचा नव्हे. ती इतिहास म्हणून कथन करण्याचा आहे. याबाबत हेन्री मेह्यू यांचा कित्ता अनुकरणीय होय. लंडनच्या हॅम्पस्टेडखालील गटारांत रानटी डुकरांची पैदास झाली आहे, ही तेथील गटारें धुंडाळणाऱ्यांची समजूत त्यांनीं १८५१ सालीं नोंदविली. पण सांगणारे कोण तें सांगितलें, आणि हॅम्पस्टेडच्या रहिवाशांनीं जाळ्यांखालून तीं जनावरें जातांना कधीं पाहिलीं नाहींत, ही बाधक गोष्टहि शेजारींच मांडली.

सारांश, १९३५ ची मगर सप्रमाण मानावी. मे यांच्या मगरी बखरीच्या पंक्तीस बसवाव्या. वसाहत लोककथेच्या दप्तरांत ठेवावी. तिन्ही कागद जतन करण्यासारखे आहेत, मात्र एका रुमालांत बांधण्यासारखे नाहींत.